ठोकणारे उदंड

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण आमच्या जिल्ह्यातलं पोरगं बाराखडीच्या आधी शिकतं. पुरावा मागितला की मात्र मोठी माणसंही आभाळाकडे बघतात. आभाळाकडे कशाला? भिंतीकडे बघा.

१९५८ साली आर्टुर फिशर नावाच्या जर्मन गृहस्थांनी नायलॉनची बोटाच्या पेराएवढी नळी काढली. भिंतीला भोक पाडा, नळी आत ठोका, स्क्रू पिळा. नळी आतल्या आत फुगते आणि भिंतीला धरून बसते. फिशरसाहेबांची सुरुवात कुलूपकाम शिकण्यापासून झाली. २०१६ मध्ये वारले तेव्हा त्यांच्या नावावर अकराशेच्या वर पेटंटं होती. त्यांची नळी जग फिरत फिरत पूर्णा तालुक्यातल्या चुडाव्यात आली आणि देव्हाऱ्याच्या, घड्याळाच्या आणि हार घातलेल्या आजोबांच्या मागे जाऊन बसली. जर्मनी भिंतीत, भिंत परभणीत. म्हण सिद्ध.

आता घरात लग्न निघालंय, भिंत रंगवायचीय आणि नळी निघत नाही. म्हणीचा पुढचा भाग कुणी लिहून ठेवलेला नाही.

*

चुडावा म्हणजे पूर्णा आणि नांदेड यांच्या मधलं रेल्वे स्टेशन. निजामाच्या काळात इथून मीटरगेजची गाडी धावू लागली, आता ब्रॉडगेजची धावते. घाईतल्या गाड्या गावाकडे न बघता निघून जातात. बाकी सोयी मात्र थांबल्या. एकेक आली, भिंतीत काहीतरी ठोकून गेली.

इथल्या कुठल्याही जुन्या घराची दर्शनी भिंत वाचा. खाली दगडी जोत्यात लोखंडी कडी. बैल विकले, कडी आहे. ओसरीत बाभळीची खुंटी. पटका बांधणारे गेले, खुंटी आहे. दारावर तोरणाचे खिळे, दर दिवाळीला नवे, कारण जुना खिळा वापरला तर लक्ष्मी रागावते अशी बहुतेक समजूत असावी. घरपट्टीच्या नंबरची पत्र्याची पाटी, तिच्या शेजारी नव्या नंबरची पाटी. दोन्ही नंबर चूक, चारही खिळे पक्के.

वर बघा. लाइटीच्या तारेचा लोखंडी क्लॅम्प, चिनी मातीच्या चिमणीसकट. तो बसवला वीज मंडळाने. २००५ साली मंडळाचे तुकडे होऊन महावितरण, महापारेषण, महानिर्मिती झाल्या. सगळ्या मालमत्तेची वाटणी झाली म्हणतात. या क्लॅम्पवर हक्क सांगायला तिघींपैकी एकही आली नाही. शेजारी फोनच्या तारेचा आकडा. दूरसंचार खात्यातून २००० साली बीएसएनएल निघाली, मग घरातून फोन निघाला, मग कुणीतरी तांब्यासाठी तारही काढली. आकड्यात तांबं नसतं, म्हणून आकडा आहे.

गच्चीच्या कठड्याला अँटेनाच्या पाइपाचे दोन पट्टे. १९८७ साली रविवारी सकाळी त्या पाइपाला हात लावून, ‘आलं का? आलं का?’ असं ओरडणारी पिढी आता आजोबा झाली. तिथेच डिशच्या तीन तबकड्या. तीन, कारण नव्या कंपनीचा पोरगा जुनी तबकडी काढत नाही. त्याला बसवण्याचे पैसे मिळतात. जुनी काढली तर धन्यवाद मिळतात, आणि धन्यवादावर मोटारसायकल चालत नाही.

खिडकीला कुलरचं लोखंडी स्टँड. परभणीत एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो, तेव्हा या स्टँडला घरात देव्हाऱ्याच्या खालोखाल मान असतो. टाकीत पन्नास लिटर पाणी म्हणजे पन्नास किलो वजन, त्यावर पत्रा, मोटार आणि पंख्याची रात्रभर थरथर. हे सगळं वरच्या दोन बोल्टांवर लोंबतं. म्हणून मिस्त्रीने ते असे ठोकलेले असतात की घर पडलं तरी कुलर पडू नये.

पुरातत्त्व खात्याला एकेका काळाचा थर शोधायला खणावं लागतं. आमच्याकडे बैलगाडीपासून सॅटेलाइटपर्यंतचा काळ एका भिंतीवर, एकाच उन्हात, गंजत उभा आहे. तिकीट नाही.

सरकारी नोकरांची परभणीबद्दलची म्हण वेगळी: ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी.’ शिक्षा म्हणून बदली झालेला साहेब भाड्याच्या खोलीत पहिल्या दिवशी कॅलेंडरसाठी खिळा ठोकतो आणि बदलीचे दिवस मोजू लागतो. यथावकाश साहेब सुटतो. खिळ्याची बदली होत नाही.

*

लग्नाच्या महिनाभर आधी पेंटर येतो. पुढचा संवाद मराठवाड्यातल्या कुठल्याही ओसरीवर ऐकायला मिळतो.

‘पेंटर, आधी ते खिळे-बिळे सगळे काढून घ्या बरं.’

‘काढतो की मामा. पर खिळ्याचे पैशे कोण देणार?’

‘कामून? रंगाचे देतोय की.’

‘रंगाचे तुमी फुटावर देताव. खिळा फुटात कुठं बसायलाय?’

या शेवटच्या वाक्यात अर्थशास्त्राचा एक अख्खा धडा आहे. रंगकामाचा दर चौरस फुटावर ठरतो. घासणं, पुट्टी, प्रायमर, दोन हात रंग, सगळं फुटावर. गंजलेला बोल्ट काढायला अर्धा दिवस जातो आणि त्याने अडवलेली जागा रुपयाच्या नाण्याएवढी. पेंटर काही शाळा सोडून गणित विसरलेला नसतो. तो ब्रश बोल्टभोवती गोल फिरवतो. मालक फार मागे लागला तर बोल्टालाही रंग मारतो. दोन हात.

म्हणून आमच्या भिंतींवर गुलाबी खिळे, पोपटी क्लॅम्प आणि आकाशी खुंट्या आहेत. मागच्या लग्नात जी भिंत पिवळी होती, तिच्या खिळ्याचा पोपडा नखाने काढला तर खाली पिवळा, त्याखाली हिरवा डिस्टेंपर, त्याखाली नीळ घातलेला चुना. कुणाच्या लग्नात कोणता रंग होता यावरून भावकीत वाद झाला, तर निकाल खिळ्यावर लागतो.

मालकही समजूतदार असतो. ‘ऱ्हाऊ द्या. फोटो लावला की झाकतंय.’ फोटो लावायला मात्र त्या खिळ्याची जागा चुकीची निघते. शेजारी नवा खिळा.

*

तरी एखादा हट्टी मालक भेटतोच, ज्याला भिंत खरोखर कोरी हवी असते. तो पहार मागतो. इथून पुढे भिंतीचे हाल सुरू होतात, कारण ठोकायला जोर लागतो आणि काढायला डोकं, आणि घरात आधी सापडतो तो जोर.

साध्या खिळ्यापासून सुरुवात. हातोडीच्या चिमट्यात धरून सरळ उचकटला की खिळ्याबरोबर वीतभर गिलावाही येतो. खिळा आणि गिलावा यांना गंजाने जोडलेलं असतं. ते आधी सोडवावं लागतं. खिळ्याचं डोकं पक्कडीत धरून जागच्या जागी डावी-उजवीकडे पिळायचं. ‘कर्र’ आवाज आला की संबंध तुटला. मग हातोडीखाली लाकडाची पट्टी ठेवून सरळ रेषेत ओढायचं, म्हणजे जोर पट्टीवर पडतो, गिलाव्यावर नाही. दोन मिनिटांचं काम. ही दोन मिनिटं वाचवून लोक दोन पाट्या सिमेंट कालवतात.

मग प्लास्टिकची नळी. आमच्याकडे तिला फिशर म्हणा नाहीतर रावळप्लग, दुकानदार एकच पुडी काढतो. रावळप्लगचे जनक जॉन रॉलिंग्ज हे लंडनचे. ब्रिटिश म्युझियममध्ये विजेची फिटिंग बसवायची होती आणि भिंतींची नासधूस करायची नव्हती. तोवरची पद्धत म्हणजे भिंतीत मोठं भगदाड पाडून लाकडाची गुल्ली ठोकायची. रॉलिंग्जनी ताग जनावराच्या रक्तात घट्ट करून बारीक नळी बनवली आणि १९११ साली पेटंटसाठी अर्ज केला. भिंत वाचावी म्हणून जन्मलेली वस्तू आहे ही. चुडाव्यात ती बसवताना भोक मोठं झालं की नळीसोबत काड्यापेटीच्या चार काड्या कोंबतात. रॉलिंग्जना हे सुचलं नव्हतं.

ही नळी चाकूने कोरून निघत नाही. तिच्याच स्क्रूचे तीन-चार आटे पुन्हा आत पिळायचे, पूर्ण नाही, आणि स्क्रू पक्कडीत धरून ओढायचा. नळी स्क्रूच्या मागोमाग येते. नळी जागेवरच फिरू लागली तर थोडा जाड स्क्रू घ्यायचा. तरीही हलली नाही तर भांडायचं नाही. ब्लेडने तोंड कापायचं, उरलेली नळी बोथट पंचाने अर्धा सेंटिमीटर आत ढकलायची आणि वरून बुजवायचं. प्लास्टिक गंजत नाही, आत राहिलं तर कुणाचं काही बिघडत नाही. आत राहू द्यावं असं जे थोडं असतं, त्यात ही नळी येते.

आता कुलरचा बोल्ट. गावात त्याला फास्टनर म्हणतात. लोखंडी बोल्ट, त्याच्या आतल्या टोकाला शंकू आणि भोवती चिरलेली नळी. नट पिळला की शंकू नळीत घुसतो, नळी फाकते आणि भिंतीला जबडा मारते. मेख अशी की बोल्ट बाहेर ओढला की शंकू नळीत आणखी घुसतो. चार भाऊबंदांनी पहार लावून ओढणं हाच त्याचा खुराक. खुंटा हलवून बळकट करणे ही आपली जुनी विद्या, या बोल्टात ती कारखान्यात घालून मिळते. विरोधकांनी जोर लावला की आणखी घट्ट बसणारे काही साहेब आपल्या ओळखीचे आहेत. त्यांच्याही आतल्या टोकाला शंकू असणार.

याच्यावर उपाय उलटा. नट सैल करून बोल्टाच्या टोकाशी आणायचा, म्हणजे आटे ठेचत नाहीत. मग हातोडीचे एक-दोन ठोके आतल्या दिशेने. भोकात मागे जागा असेल तर शंकू आत सरकतो, नळीचा जबडा सुटतो आणि सगळं चिमट्याने बाहेर येतं. बाहेर काढायचं असेल तर आधी आत घ्या. राजकारणात याला पक्षप्रवेश म्हणतात.

आत सरकायला जागाच नसेल तर ग्राइंडर. बोल्टाभोवतीचा गिलावा छन्नीने थोडा कोरायचा, बोल्ट पृष्ठभागाच्या तीन-चार मिलिमीटर आत कापायचा, कापलेल्या तोंडाला रेड ऑक्साइड लावायचा आणि मग बुजवायचं. डोळ्यांवर चष्मा, नाकावर फडकं. आणि एक खास आमच्या भागातली सूचना, जी कुठल्याही मशीनच्या पुस्तकात नाही: खोलीत कापूस रचलेला असेल तर ग्राइंडरला हात लावू नका. भाव वाढेल या आशेवर दिवाळीपासूनचा कापूस लग्नसराईपर्यंत घरातच पडून असतो, आणि ठिणगी भावाची वाट बघत नाही.

खुंटी आणि कडी यांच्या नादी लागू नये. जुन्या धाब्याच्या घरात खुंटी मागाहून ठोकलेली नसते. मातीची भिंत चढवतानाच ती रचलेली असते आणि जितकी बाहेर दिसते तितकीच, कधी त्याहून जास्त, आत असते. ओढली तर ती येते, आणि सोबत टोपलीभर पांढरी माती येते, आणि मागे वाळवीचं वारूळ दिसतं, आणि मग रंगाचं बजेट बांधकामाचं होतं. खुंटी भिंतीशी लागून करवतीने कापावी. जोत्याच्या दगडातली कडी तर ठेवावीच. गंज तारेच्या ब्रशने घासावा, रेड ऑक्साइड लावावा, वर काळा ऑइलपेंट. पाहुण्यांना सांगावं, जपून ठेवलीय. पुण्या-मुंबईचे पाहुणे असतील तर तिचा फोटोही काढतात.

लाइटीच्या क्लॅम्पला मात्र मालकाने, पेंटरने, कुणीच हात लावायचा नाही. तारेतून करंट येतो आणि माहिती येत नाही. महावितरणकडे अर्ज द्यावा. अर्ज दिला की रंग पुढच्या लग्नात.

*

काढणं झालं की उरतात भोकं. भोक बुजवण्याच्या बाबतीत मराठी माणसाची कल्पकता अफाट आहे. टूथपेस्ट, साबण, भाताची शितं, मेणबत्ती आणि वर्तमानपत्राचा बोळा. या सदराचे जुने लेख मराठवाड्याच्या कित्येक भिंतींत असतील. साहित्यात आम्हाला मिळालेली ती सर्वांत पक्की जागा.

पेंटर त्यापेक्षा शास्त्रशुद्ध असतो. तो भोकात पुट्टी कोंबतो. पण पुट्टी ही गुळगुळीत करायची चीज आहे, भरायची नाही. दोन हात मिळून तिची जाडी दीड मिलिमीटरच्या आसपास असावी. बोटभर खोल भोकात कोंबली की वरून वाळते, आतून बसते आणि वऱ्हाड यायच्या आत मधोमध खळगा पडतो. खोल भोक आधी झाडावं, पाण्याने ओलं करावं, एकास तीन-चार सिमेंट-वाळू भरावी, दोन-तीन दिवस पाणी मारावं. मग पुट्टी. मग पॉलिश पेपर. मग रंग. सांगायला एक ओळ, करायला आठवडा, आणि आठवडा पुन्हा फुटात बसत नाही.

घाई केली तर बिल पावसाळ्यात येतं. आत राहिलेलं लोखंड गिलाव्यातून ओल पितं आणि गंजतं. गंज मूळ लोखंडापेक्षा दुप्पट ते सहापट जागा मागतो. ती जागा त्याला कुणी देत नाही, म्हणून तो गिलावा ढकलून घेतो. आधी पांढऱ्या भिंतीवर चहाच्या डागासारखा तपकिरी ठिपका, मग फुगवटा, मग खपली. त्यात आमची काळी जमीन. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, घराचा पाया दर वर्षी थोडा खालीवर होतो आणि भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी भेग जाते. भेगेला वाट सोपी हवी असते. जुनी भोकं ती देतात. लोक म्हणतात रंग खराब निघाला. दुकानदारही तेच म्हणतो आणि महागाचा डबा दाखवतो.

*

हे दुखणं फक्त चुडाव्याचं असतं तर एका सदरात भागलं असतं.

अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसवर १८९८ पासून पुढे कित्येक वर्षं निकोलाओस बालानोस नावाच्या इंजिनिअरने पार्थेनॉनची डागडुजी केली. निसटलेले संगमरवरी चिरे लोखंडी आकड्यांनी जोडले. मूळच्या ग्रीक कारागिरांनीही लोखंडी आकडेच वापरले होते, पण त्यांनी ते शिशात बुडवून बसवले होते, म्हणून दोन हजार वर्षं ओल आत गेली नाही. बालानोस यांनी शिसं वगळलं. लोखंड गंजलं, फुगलं आणि ज्याला धरायचं त्याच संगमरवराला आतून फोडू लागलं. १९७५ साली समिती नेमली गेली, तेव्हापासून एकेक आकडा काढून टायटॅनियमचा बसवणं चालू आहे. ठोकायला एक माणूस, काढायला समिती आणि पिढ्या. पार्थेनॉनचा पेंटर बहुतेक फुटावरच होता.

त्याच पार्थेनॉनवरून काढण्याचं काम झपाट्याने केलं ते लॉर्ड एल्गिन यांच्या माणसांनी. १८०१ पासून शिल्पंच्या शिल्पं उतरवली, १८१६ साली ती ब्रिटिश सरकारला विकली आणि ती म्युझियममध्ये गेली. होय, त्याच म्युझियममध्ये, ज्याच्या भिंतींना धक्का लागू नये म्हणून रॉलिंग्जनी रावळप्लग शोधला. दुसऱ्याच्या भिंतीवरचं काढावं कसं आणि आपली भिंत राखावी कशी, दोन्ही एकाच पत्त्यावर शिकायला मिळतं.

लांब कशाला जायचं? आपल्या अजिंठ्याला १९२० नंतर निजाम सरकारने इटलीहून जाणकार आणले. त्यांनी चित्रं सुटून पडू नयेत म्हणून बरीच मेहनत घेतली, आणि वरून लाखेचं वार्निश फिरवलं. चित्रं तेव्हा चकाकली. पुढे वार्निश पिवळं-तपकिरी पडलं, वर धूळ बसली, आणि पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना ते तळहाताएवढ्या तुकड्यांत उतरवत बसावं लागलं. वार्निश लावणाऱ्या चेकोनी यांचं नाव पुस्तकांत सापडतं. उतरवणाऱ्यांची नावं शोधायला भिंग लागतं.

आमच्या पूर्वजांना हे कळत होतं. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातलं औंढा नागनाथाचं देऊळ बघा. हेमाडपंती बांधणी, दगडाला दगड असा घडवलेला की दोहोंच्या मधे चुना नको. जे चिकटवलंच नाही ते काढायचा प्रश्न नाही. आम्ही या पूर्वजांचे वारस. जुन्या देवळाच्या दगडी खांबाला भोक पाडतो आणि त्यावर ट्यूबलाइट, घड्याळ आणि देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी बसवतो. पाटी चार फास्टनरवर. देवाला एकही नाही.

*

सरकारला हे कळत नाही असं नाही. मालमत्तेचं विद्रूपीकरण रोखायला महाराष्ट्रात १९९५ चा कायदा आहे. निवडणूक आयोग तर घड्याळ लावून बसतो. आचारसंहिता लागली की सरकारी इमारतीवरचे राजकीय फलक २४ तासांत, बसस्टँड-रेल्वेसारख्या सार्वजनिक जागेवरचे ४८ तासांत आणि खासगी जागेवर बेकायदा लावलेले ७२ तासांत निघाले पाहिजेत. निघतात. कर्मचारी शिडी लावतात, फलक फाडतात, अहवाल वर जातो. खिळे, तारा आणि बोल्ट जागेवर राहतात. अहवालात त्यांचा रकाना नसतो. खिळ्याला पक्ष नसतो, त्यामुळे निकालानंतर जो कुणी ‘हार्दिक आभार’ घेऊन येतो, त्याची सोय झालेली असते.

योजनांचंही तेच. पाटी लावायला निधी असतो, मुहूर्त असतो, नारळ असतो, फोटोत यायला पाच माणसं असतात. योजना संपते तेव्हा पाटी काढायला निधी नसतो. ‘या पाटीचे उत्खनन मा. अमुक यांच्या शुभहस्ते’ असा कार्यक्रम कुणी पाहिलाय? ज्याच्या हाताने फीत कापली जाते त्याच्या हातात पक्कड कधीच दिसत नाही.

ज्ञानेश्वरांनी भिंत चालवली. त्या भिंतीला क्लॅम्प, केबल, डिश आणि घरपट्टीची पाटी नव्हती हे लक्षात घ्यावं. आजची भिंत चालवायची म्हटलं तर आधी चार खात्यांची ना-हरकत लागेल.

*

मग करायचं काय? उपदेश करून खिळा निघत नाही, दर लावून निघतो.

पेंटरचं म्हणणं शब्दशः खरं आहे, तेव्हा तेच धरून चालावं. रंगाचा हिशोब फुटावर ठेवा, काढण्याचा नगावर. खिळ्याला एक दर, रावळप्लगला दुसरा, फास्टनरला तिसरा, आणि भोक बुजवून पाणी मारण्याची मजुरी वेगळी. रंग सुरू व्हायच्या आधी पेंटरसोबत भिंतीपुढून एक फेरी मारा आणि खडूने खुणा करा: काढायचं त्याला फुली, कापायचं त्याला रेघ, ठेवायचं त्याला गोल. एवढं केलं की जो पेंटर काल बोल्टाभोवती ब्रश फिरवत होता, तोच उद्या तुम्हाला न दिसलेले खिळे शोधून दाखवतो. ‘मामा, ह्यो बगा, कपाटामागं आनखी दोन घावलेत.’ माणूस तोच, भिंत तीच. फक्त खिळा फुटातून निघून नगात आला.

ठोकणाऱ्यालाही हाच कायदा लावावा. डिशवाला, केबलवाला, फलकवाला, योजनावाला, जो कुणी ड्रिल मशीन घेऊन दारात येईल त्याच्याकडून काढणावळ आधी जमा करून घ्यावी. ग्रामपंचायतीने ठराव करावा, घरमालकाने बिनठरावाचा करावा. पैसे भरायचे म्हटल्यावर निम्म्या जणांना कळेल की त्यांची वस्तू टेबलावरही ठेवता येते.

सरकारी भिंतींना मात्र हा उपाय लागू पडेल असं वाटत नाही. तिथे नगावर दर ठरवण्याची पद्धत फार जुनी आहे. फक्त तो दर काढण्याचा नसतो, काढलं नाही म्हणून द्यायचा असतो.